ट्रेडमिलचा बोर्ड गेला: रिपेअर करायचा, नवा टाकायचा, जुना शोधायचा की युनिव्हर्सल बसवायचा?

ट्रेडमिल बंद पडली, कोणीतरी येऊन झाकण उघडून बघितलं, "कंट्रोल बोर्ड गेलाय, नवा टाकावा लागेल" असं सांगून निघून गेलं, आणि नव्या बोर्डाची किंमत ऐकून आता तुम्ही विचारात पडलाय की तो घ्यावा, का हाच दुरुस्त करून घ्यावा, का कुठल्या बंद मशीनमधला काढलेला मिळतोय तो बसवावा, का सरळ ट्रेडमिलच भंगारात द्यावी. माझं मत आधीच सांगून टाकतो. बोर्डाचा नेमका कुठला भाग गेलाय त्यावर निम्मा निर्णय होतो, आणि तो कशामुळे गेला त्यावर उरलेला निम्मा. किंमत त्यानंतर. बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात आणि मग नवाकोरा बोर्ड टाकून थोड्याच दिवसात परत त्याच जागी येऊन उभे राहतात, कारण पहिला बोर्ड ज्याने मारला तो प्रॉब्लेम मशीनमध्ये तसाच बसलेला असतो.

आणि हो, मशीन वॉरंटीत असेल तर झाकणाचा स्क्रूसुद्धा खोलू नका, कंपनीला बोलवा. खालचं सगळं वॉरंटी संपलेल्यांसाठी आहे.

गेलाय तो बोर्डच ना?

ट्रेडमिलमध्ये बोर्ड दोन असतात. एक वर डिस्प्लेच्या मागे, बटणं आणि आकडे सांभाळणारा, आणि दुसरा खाली मोटरच्या झाकणाखाली, जो मोटरला करंट देतो. कंट्रोल बोर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा हा खालचा. दोघांना जोडणारी केबल उभ्या पाइपातून जाते आणि फोल्डिंग मशीन असेल तर नेमकी बिजागरीपाशी चेपली जाते, त्यामुळे कम्युनिकेशनचा एरर आला तर पहिला संशय केबलवर आणि तिच्या कनेक्टरवर घ्यायचा, बोर्डावर नंतर. एरर कोडचं एक लक्षात ठेवा, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, एका मशीनवर जो कोड सेफ्टी की निघाल्याचा असतो तोच दुसऱ्या मशीनवर ओव्हरकरंटचा असू शकतो, म्हणून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल बघा, दुसऱ्या कोणाच्या मशीनचा व्हिडिओ बघून पार्ट मागवू नका.

बेल्ट सुरू होतोय, काही सेकंद चालतोय आणि मग एरर देऊन थांबतोय, असं होत असेल तर बोर्ड बहुतेक जिवंत आहे. मोटर फिरतेय पण बोर्डाला ते कळत नाहीये. पुढच्या रोलरच्या पुलीवर एक छोटं मॅग्नेट असतं आणि त्याच्यासमोर सेन्सर, किंवा मोटरच्या शाफ्टवर खाचांची चकती असते. मॅग्नेट निघून पडलेलं असतं, सेन्सर सरकलेला असतो, नाहीतर मध्ये धूळ बसलेली असते. हा अगदी किरकोळ खर्चाचा प्रॉब्लेम आणि याच्यापायी किती धडधाकट बोर्ड बदलले जातात याला गणती नाही.

मोटरचीही खात्री करून घ्या. घरगुती ट्रेडमिलमध्ये बहुतेक करून परमनंट मॅग्नेटवाली डीसी मोटर असते, तिच्या दोनच जाड वायरी बोर्डाला जातात. त्या बोर्डापासून सोडवा आणि मोटरला १२ व्होल्टची बॅटरी लावा. मोटर चांगली असेल तर हळूहळू पण एकसारखी फिरते. अडखळली, किंवा हाताने थोडं फिरवल्यावरच चालू झाली, तर कार्बन ब्रश संपलेत किंवा कॉम्युटेटर काळा पडलाय. मल्टीमीटरने मोटरची वायर आणि मोटरची बॉडी यांच्यात कंटिन्युटी आली तर मात्र मोटरच गेलीय आणि तिनेच बोर्ड मारलाय, मग बोर्डाचा विचार करण्यात काही अर्थ नाही.

अजून एक सोपी खूण आहे. प्लग काढलेला असताना बेल्ट हाताने ओढून बघा, खूप जड वाटला तर मोटरच्या वायरी बोर्डापासून काढून परत ओढा. काढल्यावर एकदम हलका झाला तर बोर्डावरचा मोटरला समांतर असलेला डायोड शॉर्ट झालाय असं समजायला हरकत नाही, कारण शॉर्ट झालेल्या मोटरला फिरवलं की ती स्वतःच जनरेटर होऊन ब्रेक लावते. काही मशीनमध्ये हा ब्रेक मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे ही खूण एवढ्यावरच निकाल लावण्याइतकी पक्की नाही, मीटर लावून खात्री करायचीच.

हे सगळं करण्याआधी मात्र: २३० व्होल्टच्या सप्लायवर चालणाऱ्या बोर्डातल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि प्लग काढला म्हणजे ते गेलं असं नाही. त्यातही बोर्ड बिघडलेला असेल तर ते आपोआप उतरवणारा रेझिस्टर ओपन झालेला असू शकतो. प्लग काढा, थांबा, कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून व्होल्टेज बघा, उरलेलं असेल तर जुन्या तारेच्या बल्बच्या वायरी लावून उतरवा आणि परत मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. हे वाचूनच पोटात गोळा आला असेल तर इथे स्वतः हात घालायचा नाही, एवढं साधं गणित आहे, पण रिपेअरवाल्याशी बोलायला पुढचं उपयोगी पडेल.

बोर्डाचे दोन भाग

बोर्ड हातात घेतला की एका बाजूला मोठमोठं सामान दिसतं. फ्यूज, काळा चौकोनी ब्रिज रेक्टिफायर, डब्यासारखे कपॅसिटर, रिले, आणि ॲल्युमिनियमच्या हीट सिंकला स्क्रूने आवळलेले दोन-तीन काळे तीन पायांचे तुकडे. त्यातला एक आयजीबीटी किंवा मॉसफेट, जो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटरचा वेग ठरवतो, आणि एक फास्ट डायोड. जुन्या काही मशीनमध्ये आयजीबीटीऐवजी एससीआर असतात. ही झाली पॉवरची बाजू. दुसऱ्या बाजूला बारीक सामान, छोटी पॉवर सप्लाय, ऑप्टोकपलर (दोन बाजूंना वायरने न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा पार्ट) आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे डोकं.

पॉवरच्या बाजूचा जवळजवळ प्रत्येक पार्ट बाजारात सुटा मिळतो. डोक्याच्या बाजूचा मायक्रोकंट्रोलर मिळत नाही. म्हणजे तोच नंबर लिहिलेली कोरी चिप मिळेल, पण तिच्यात कंपनीचा प्रोग्राम नसतो आणि जुन्यातून तो बहुतेक वेळा काढताही येत नाही, लॉक केलेला असतो. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर गेला असेल तर रिपेअर हा पर्यायच संपला, कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे.

कुठली बाजू गेलीय हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. फ्यूज काळाठिक्कर होऊन उडालाय, आयजीबीटी फुटलाय, मीटर डायोड मोडवर ठेवून त्याच्या कलेक्टर आणि एमिटर या दोन पायांमध्ये दोन्ही दिशांनी शून्य येतंय, ही सगळी पॉवरच्या बाजूची लक्षणं. बेल्ट एकदम सुसाट सुटून मशीन बंद पडलं असेल तरी तेच, आयजीबीटी शॉर्ट झाला की १८० व्होल्टच्या मोटरला पूर्ण ३२५ व्होल्ट मिळतात. उलट फ्यूज ठीक, मोठा कपॅसिटर चार्ज होतोय, ५ व्होल्टचा सप्लाय बरोबर मिळतोय, आणि तरीही बोर्डावरचा एलईडी लागत नाही, रिले टक करत नाही, मायक्रोकंट्रोलर हाताला चटका लागेल इतका गरम, तर डोकं गेलंय. ५ व्होल्टचा सप्लायच नसेल तर मात्र खुश व्हा, छोट्या पॉवर सप्लायचा आयसी किंवा त्याच्या शेजारचा सुकलेला कपॅसिटर, ही सगळ्यात स्वस्तातली दुरुस्ती असते.

तिसरी गोष्ट बघायची ती म्हणजे बोर्ड जळालाय किती. जळून काळा झालेला पीसीबी कोळशासारखा करंट वाहायला लागतो. तो डाग नुसत्या पॉवरच्या भागात असेल तर खरवडून, घासून काढून वर वायरीने जोडता येतं. पण डाग ऑप्टोकपलरच्या खाली, म्हणजे मेन सप्लाय आणि तुम्ही हात लावता त्या डिस्प्लेची बाजू यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीवर पोचला असेल तर तो बोर्ड माझ्या मते फेकायचा. चालू होईल कदाचित, पण घामाचे हात घेऊन त्या हँडलला कोण धरणार?

रिपेअर की नवा ओरिजिनल

खरी लढत या दोघांत आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

पैशाचं बघितलं तर आयजीबीटी, डायोड, ब्रिज, फ्यूज, दोन-चार रेझिस्टर आणि छोटे कपॅसिटर मिळून सामानाचा खर्च नव्या बोर्डाच्या मानाने चिल्लर असतो, बाकी सगळी मजुरी. नव्या बोर्डाची किंमत मात्र कित्येकदा जुन्या ट्रेडमिलच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या आसपास जाते, आणि तिथेच माणूस अडतो. पण स्वस्त रिपेअर आणि बरोबर केलेलं रिपेअर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाईट रिपेअर असं असतं: शॉर्ट झालेला आयजीबीटी काढला, हाताशी असलेला लावला, फ्यूज टाकला, चालू झालं, पैसे घेतले. आठवड्याभरात परत उडतो, कारण आयजीबीटी एकटा मरत नाही. मरताना गेटच्या, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाच्या, वाटेने त्याला चालवणारं सर्किट घेऊन मरतो, म्हणजे गेटचा रेझिस्टर, झेनर, ड्रायव्हरचे दोन छोटे ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टो. हे तपासल्याशिवाय नवा आयजीबीटी लावणं म्हणजे त्याला बळी देणं आहे.

आणि एक बारीक गोष्ट जी चांगला कारागीर न सांगता करतो. गेटला साधारण १२ ते १५ व्होल्ट लागतात आणि त्या सप्लायवर एक छोटा कपॅसिटर असतो, तो हीट सिंकच्या शेजारी वर्षानुवर्षं भाजून सुकतो. मग गेटला व्होल्टेज कमी पडतं, आयजीबीटी पूर्ण चालू न होता अर्धवट चालू राहतो, तापतो आणि जातो. मीटरला सगळं बरोबर दिसतं, लोड पडला की प्रॉब्लेम. तो कपॅसिटर बदलायला काही लागत नाही, न बदलल्याने सगळी मेहनत पाण्यात जाते. डायोडचं पण तसंच आहे, तिथे अल्ट्राफास्टच पाहिजे, दिसायला तेवढाच जाड म्हणून साधा रेक्टिफायर डायोड लावला तर तो वेळेत बंद होत नाही आणि प्रत्येक स्विचिंगला आयजीबीटीवर शॉर्टचा फटका बसतो. शिवाय आयजीबीटीची मागची धातूची बाजू म्हणजे त्याचा कलेक्टर असतो, त्याच्या आणि हीट सिंकच्या मध्ये जो पातळ इन्शुलेशनचा पापुद्रा असतो तो फाटलेलाच परत लावला तर हीट सिंकमध्येच सप्लाय येतो.

म्हणून रिपेअरवाल्याला भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: काय काय बदलणार, आणि लोडवर टेस्ट करून देणार का. "शॉर्ट काढून देतो, घरी लावून बघा" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. काढलेले पार्ट परत मागा, त्यात नुसता आयजीबीटी आला आणि बाकी काहीच नाही तर समजून जा काय झालंय ते. वाईट वाटून घेऊ नका पण या कामात टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर कधीकधी ट्रेडमिलच्या सर्व्हिसवाल्यापेक्षा जास्त कामाचा निघतो, कारण सर्व्हिसवाल्याला बोर्ड बदलायची सवय असते, उघडून बघायची नाही. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवाले पण चालतात, त्यांना आयजीबीटी काय चीज आहे ते रोजचं माहीत असतं.

नव्या ओरिजिनल बोर्डाची बाजूही ऐकून घ्या, ती कमजोर नाहीये. सगळे कपॅसिटर ताजे, रिलेचे कॉन्टॅक्ट नवे, बसवायला स्क्रूड्रायव्हर आणि मोबाईलवर आधी काढलेला कनेक्शनचा फोटो एवढं पुरतं, आणि पार्टवर काहीतरी वॉरंटी मिळते. मशीन पाचेक वर्षांच्या आतलं असेल, रोज घरातली दोन-तीन माणसं वापरत असतील आणि बोर्ड सहज मिळत असेल तर मी नवाच घेईन, वाद नाही. अडचण येते ती मिळण्यात. कंपनी मॉडेल बंद करते, काही वर्षांनी बोर्डही बंद होतो, आणि मग जो नवा म्हणून मिळतो तो नेमका तोच आहे का याची खात्री कोणी देत नाही.

शोधताना मशीनचं नाव टाकून शोधू नका, बोर्डावर छापलेला नंबर टाकून शोधा. एकाच कारखान्याचे बोर्ड वेगवेगळ्या नावांच्या ट्रेडमिलमध्ये बसलेले असतात, त्यामुळे ज्या ब्रँडकडे पार्ट संपलाय तोच पार्ट दुसऱ्या नावाखाली मिळून जातो. फक्त नंबरच्या शेवटचं अक्षर, म्हणजे रिव्हिजन, सप्लायचं व्होल्टेज आणि मोटरच्या लेबलवरचे व्होल्ट-ॲम्पियर, हे तिन्ही जुळले पाहिजेत. १२० व्होल्ट सप्लायवाल्या देशातला बोर्ड दिसायला हुबेहूब असतो, कनेक्टर पण तेच, आणि २३० वर लावला की कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. बसवल्यावर इन्क्लाइनचं कॅलिब्रेशन बहुतेक मशीनवर परत करावं लागतं, नाहीतर चढ शून्य दाखवत असताना मशीन तिरकं उभं.

वेळेच्या हिशोबात नवा बोर्ड स्टॉकमध्ये असेल तर तो जिंकतो, नसेल तर रिपेअर. टिकण्याच्या बाबतीत नीट केलेलं पॉवर साइडचं रिपेअर नव्यापेक्षा फार मागे नसतं असं माझं मत आहे, पण नीट केलेलं हा शब्द त्यात महत्त्वाचा. तेव्हा असं धरा: पॉवरची बाजू गेलीय, बोर्ड फार जळालेला नाही आणि लोडवर टेस्ट करून देणारा माणूस ओळखीत आहे, तर रिपेअर. यातलं एक जरी नसेल तर नवा.

बंद मशीनमधून काढलेला

स्वस्त असतो, बंद झालेल्या मॉडेलचा कधीकधी हाच एक मिळतो, आणि तो पूर्ण जुगार आहे. ज्या ट्रेडमिलमधून काढला ती कशामुळे बंद पडली हे विकणारा सांगतो ते खरं धरायचं. बेल्ट फाटला किंवा मोटर गेली म्हणून सुटे भाग केले असतील तर बोर्ड चांगला असू शकतो. पण कपॅसिटर तेवढेच म्हातारे, आणि वर्षभर कुठेतरी पडून असलेला बोर्ड पहिल्या दिवशी चालतो आणि मग जीव सोडतो. एका परिस्थितीत मात्र मी हा पर्याय सगळ्यात वर ठेवेन: तुमच्या बोर्डाचं डोकं गेलंय आणि काढलेल्या बोर्डाची पॉवर साइड गेलीय म्हणून तो मातीमोल भावात मिळतोय. दोन मेलेल्या बोर्डांचा एक चांगला होतो, आणि चांगल्या कारागिराला हे काम आवडतं सुद्धा.

युनिव्हर्सल किट

याची जाहिरात भारी असते, कुठल्याही ट्रेडमिलला चालेल वगैरे. प्रत्यक्षात वरचा आणि खालचा बोर्ड एकमेकांशी कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, काहींमध्ये नुसता पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल असतो, काहींमध्ये सिरीयल डेटा, त्यामुळे दुसऱ्याचा खालचा बोर्ड तुमच्या वरच्या डिस्प्लेशी बोलणारच नाही. म्हणून ही किट वरच्या डिस्प्लेसकट येतात. म्हणजे तुमचा मूळ कन्सोल गेला, प्रोग्राम गेले, हार्ट रेट गेला, इन्क्लाइन बऱ्याच किटमध्ये नसतोच किंवा त्याची मोटर जुळत नाही, आणि नवा डिस्प्ले जुन्या खाचेत बसवायला कापाकापी आली ती वेगळी. एवढं करून वेग दाखवतो तो खरा असेलच असं नाही, कारण रोलरचा व्यास आणि पुलीचं माप त्याला माहीत नसतं.

तरीही याला जागा आहे. दोन्ही बोर्ड गेलेत, ओरिजिनल मिळत नाही, पण मोटर, डेक (बेल्टखालची फळी) आणि फ्रेम दणकट आहे, जुन्या जड मशीनची असते तशी, तर युनिव्हर्सल किट लावून नुसती चालायला मशीन वापरता येते. निवडताना मोटरवरच्या हॉर्सपॉवरच्या स्टिकरकडे बघू नका. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ४ एचपी म्हणवणारी मोटर खरोखर तेवढी चालली तर ३००० वॅटच्या जवळ जाईल आणि घरातला साधा प्लग कधीच हात वर करेल, तो आकडा क्षणभराच्या पीकचा असतो, बहुतेकदा तोही उदार मनाने लिहिलेला. लेबलवरचे डीसी व्होल्ट आणि सलग चालवायचे ॲम्पियर बघा आणि किटची क्षमता त्याच्यापेक्षा जरा जास्त घ्या.

एका गोष्टीवर मी अडून बसेन: सेफ्टी की. ती दोरीने कपड्याला लावायची चावी निघाली की बेल्ट थांबला पाहिजे. ट्रेडमिलच्या सुरक्षेसाठी आयएसओ २०९५७ चा भाग ६ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आणि त्यात इमर्जन्सी स्टॉपला उगाच जागा दिलेली नाही. ज्या किटला सेफ्टी कीची सोय नाही ते घेऊ नका, फुकट मिळालं तरी. हाच नियम रिपेअरला पण लागू. रिले चिकटला किंवा जळाला म्हणून त्याच्या जागी वायरचा तुकडा लावून देणारे लोक आहेत, तो रिलेच तर आयजीबीटी शॉर्ट झाल्यावर मोटरचा सप्लाय तोडतो. असं काम दिसलं तर बोर्ड परत द्या.

भंगार?

डेक मधोमध झिजून खड्डा पडलाय, बेल्टच्या कडा फाटल्यात, रोलरचे बेअरिंग ओरडतायत आणि वर बोर्ड गेलाय, तर बोर्डावर खर्च करू नका. मोटर बॉडीशी शॉर्ट असेल तरी गणित सहसा जमत नाही. मशीनमध्ये तीन वायरींची एसी मोटर असेल, जी घरगुतीमध्ये कमी असते, तर तिचा बोर्ड म्हणजे पूर्ण इन्व्हर्टर असतो आणि वर लिहिलेलं डीसी मोटरचं रिपेअर त्याला लागू नाही, त्यासाठी ते काम करणाराच माणूस शोधावा लागतो.

बोर्ड मेला कशाने

दहातले बहुतेक बोर्ड, असं बरेच रिपेअरवाले सांगतात, कोरड्या बेल्टने मरतात. बेल्ट आणि डेकमधलं सिलिकॉन ऑइल संपतं, घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट खेचते, आयजीबीटी तापतो. आणि लोकांना वाटतं जोरात पळल्याने बोर्ड जातो, तर तसं नाहीये, वजनदार माणूस एकदम हळू वेगाने बराच वेळ चालला तर मोटर आणि बोर्ड दोघांचे जास्त हाल होतात, कारण प्रत्येक पावलाला बेल्ट दाबला जातो, तेवढाच जोर लावायला करंट तर लागतोच, पण मोटरच्याच शाफ्टवरचा पंखा मात्र हळू फिरत असल्यामुळे वारा नाही. त्यात झाकणाखाली धुळीचा थर बसलेला असतो.

बेल्टच्या खाली हात घालून डेकला लावा, बोटांना सिलिकॉनचा ओशटपणा लागला पाहिजे. कोरडं लागलं तर सिलिकॉन ऑइल, आणि सिलिकॉनच, गंज सोडवायचा स्प्रे किंवा घरातलं दुसरं कुठलं तेल नाही, त्याने बेल्ट खराब होतो. ऑइल टाकूनही बेल्ट जड असेल तर डेक झिजलाय. बेल्ट फार ताणलेला असेल तरी तेच होतं, मधोमध कडेने उचलला तर साधारण ५ ते ७ सेंमी उचलला गेला पाहिजे. लांबच लांब बारीक एक्स्टेन्शन वायरवर मशीन चालत असेल तर तीही काढा.

हे केल्याशिवाय वरच्या चारातला कुठलाही पर्याय घेतला तरी पैसे वाया.

पहिल्यांदा चालू करताना

नवा असो, रिपेअर केलेला असो, काढलेला असो, पहिला सप्लाय सिरीज बल्बमधून द्या. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सप्लायच्या एका वायरमध्ये सिरीजमध्ये, एलईडी बल्ब चालत नाही. मोटरच्या वायरी अजून लावायच्या नाहीत. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले आणि शॉर्ट नाही. पूर्ण पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा, अजून शॉर्ट आहे, पण निदान बोर्ड वाचला. मग मोटरच्या जागी दुसरा तसाच बल्ब लावून स्टार्ट दाबला की तो वेगाच्या बटणाबरोबर हळूहळू उजळायला हवा. स्टार्ट दाबायच्या आधीच पेटला तर आयजीबीटी शॉर्ट आहे. मोटर फिरत नसल्याने काही सेकंदात सेन्सरचा एरर येईल, तो येणारच, त्याने घाबरायचं नाही. कोणाकडे ऑसिलोस्कोप असेल आणि हात शिवशिवत असतील तर सांगतो, बऱ्याच बोर्डांचा ग्राउंड थेट मेनला जोडलेला असतो, प्रोबची अर्थची क्लिप तिथे लावली की स्फोट ठरलेला.

बल्बची परीक्षा पास झाली की बल्ब काढून मोटर लावा आणि बेल्ट कोणी वर न चढता सगळ्यात कमी वेगावर दहा मिनिटं चालू ठेवा. सेफ्टी की ओढून बघा, रिलेचा टक आवाज येऊन बेल्ट थांबला पाहिजे. मग घरातला सगळ्यात हलका माणूस चढवा, नंतर जड. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळत असेल तर मोटरच्या एका वायरभोवती लावा आणि माणूस हळू चालत असताना आकडा बघा, मोटरच्या लेबलवरच्या ॲम्पियरच्या बराच खाली राहिला पाहिजे. चालता चालता तो आकडा लेबलला टेकत असेल तर बंद करून परत बेल्टकडे जा, तो बोर्ड आत्ता चालतोय एवढंच.